जुना पत्ता, नवे ठिकाण



आजच्या व्याख्यानाचा विषय मी चालकांना सांगितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य त्यांना काही लपविता आले नाही. ज्याला इतिहासाचा माणूस म्हणून बोलवावे त्याने ताम्रपट, किल्ले आणि लढाया यांविषयी बोलावे, अशी आपल्याकडील रीत आहे. आणि मी तर संकेतस्थळाची नवी मांडणी करताना जुने दुवे कसे टिकवावेत, याविषयी बोलू म्हणत होतो. संकेतस्थळ म्हणजे आपण सर्रास जिला वेबसाइट म्हणतो ती, आणि दुवा म्हणजे तिच्यातील एकेका पानाचा पत्ता. हा विषय संगणकाच्या कारखान्यातला आहे, व्याख्यानाच्या मांडवातला नव्हे, असे कोणासही वाटेल. माझे म्हणणे मात्र असे, की हा प्रश्न नांदेड-लातूरच्या माणसाच्या जितका अंगवळणी पडलेला आहे तितका तो फार थोड्यांच्या असेल. आपण त्याला निराळ्या नावांनी ओळखतो, इतकेच.

प्रथम माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक लहानसा निबंध लिहिला होता. एका तालुक्यातील जुन्या विहिरी व बारवा यांची यादी आणि तिच्यासोबतचा नकाशा, यांचा त्यात आधार घेतला होता. ही दोन्ही कागदपत्रे एका कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेविली होती. मी त्यांचा पत्ता तळटीपेत अक्षर न् अक्षर पडताळून छापला. पुढे एक विद्यार्थिनी माझा निबंध हाती घेऊन आली. तिने तो पत्ता माझ्यासमोरच संगणकावर टाकला. पडद्यावर उत्तर आले, पान सापडले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्या कार्यालयाने आपले संकेतस्थळ नवे करून घेतले होते. नवे संकेतस्थळ सुरेख होते, त्यावर चित्रे हालत होती, अक्षरे मोठी होती. फक्त जुन्या पानांपैकी एकही आपल्या जागी नव्हते, आणि ती कोठे गेली हे सांगणारेही कोणी नव्हते. त्या मुलीने अगदी नम्रपणे मला विचारले, "सर, ही यादी खरोखर होती ना?"

श्रोतेहो, इतिहास लिहिणाऱ्याला याहून जिव्हारी लागणारा प्रश्न विचारता येणार नाही. आमचा सारा धंदाच मुळी "अमुक गोष्ट अमुक ठिकाणी आहे, जाऊन पाहा" या एका वाक्यावर उभा आहे. वाचक जाऊन पाहू शकला नाही, की आमचा इतिहास कादंबरीच्या पंगतीला जाऊन बसतो. आणि कादंबरीकाराइतकी गंमत तर आम्हांला आणता येत नाही!

परंतु थोडे शांतपणे विचार केल्यावर माझ्या लक्षात आले, की मोडके दुवे जोडीत बसणे हेच तर आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवितात. हे लत्तलूर कोणते, याचा बराच ऊहापोह विद्वानांनी केला. फ्लीट यांनी प्रथम मध्यप्रांतातील रतनपुराकडे बोट दाखविले होते. पुढे आपले लातूर हेच ते, हे मत रूढ झाले. हे शक्य झाले ते कशाने? लत्तलूरचे लातूर होताना नावाचा सांगाडा शिल्लक राहिला, म्हणून. वाशीमला सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात नंदिकड येते, ते आपले नांदेड. येथेही कानाला वाट सापडते. पण अशाच ताम्रपटांत दान दिलेल्या गावांची आणि त्यांच्या चतुःसीमांची जी नावे येतात, त्यांतील कित्येकांचा आज पत्ता लागत नाही. गाव उठले असेल, किंवा गाव आहे तेथेच आहे आणि नाव मात्र पालटले आहे. या दुसऱ्या प्रकारात हळहळ अधिक वाटते. शेत तेच, ओढा तोच, माणसेही बहुधा त्याच वंशातली. हरवला आहे तो फक्त "पूर्वीचे अमुक ते आताचे तमुक" असा एक ओळीचा उल्लेख. ज्या दिवशी नाव बदलले त्या दिवशी ही ओळ गावातल्या कोणालाही लिहिता आली असती. दोन पिढ्यांनंतर ती लिहायला मिराशींसारखा पंडित लागतो, आणि त्यालाही सदैव यश येतेच असे नाही.

आता ताम्रपटांकडून दप्तरांकडे येऊ. कारण हा विषय खरा भरतो तो दप्तरांत. उदगीर तालुक्यातील एखादे शेत डोळ्यांपुढे आणा. शेत जागचे हललेले नाही. पण १९५६ पूर्वी ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बीदर म्हैसूर राज्याला गेले, आणि उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १ मे १९६० रोजी राज्याचे नाव महाराष्ट्र झाले. १९८२ च्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि उदगीर त्यात आले. पुढे उदगीरच्याच काही गावांवरून देवणी, जळकोट असे नवे तालुके झाले. म्हणजे सव्वीस वर्षांत दोनदा जिल्हा बदलला, त्याच मुदतीत राज्यही बदलले, आणि नंतर काही गावांचा तालुकाही गेला. आता या शेताचा निजामाच्या काळातला कागद हवा असेल, तर मनुष्याने प्रथम कोणत्या दारी जावे? जळकोटचा मनुष्य उदगीरला जातो, उदगीरचा लातूरला, लातूरचा धाराशिवला, आणि तेथे त्याला सांगतात, की हे तर बीदरचे प्रकरण.

नांदेडची कथा याहून गुंतागुंतीची आहे. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट तालुका आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ आपल्याकडे आले. भैंश्याचा जुना कागद शोधणारा आज तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात राहतो, आणि निर्मल जिल्हा तर २०१६ साली झाला. त्याच्या आजोबांच्या कागदावर जिल्हा नांदेड लिहिलेला असतो. किनवटच्या माणसाचे याच्या उलट. दोघे नातेवाईकही असू शकतील. सोयरिकी सरहद्द पाहून होत नाहीत.

ही पुनर्रचना चुकली असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मराठी भाषिक मुलूख एकत्र यावा यासाठी आपल्या वडिलांनी काय काय सोसले ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. नवी मांडणी हवीच होती. प्रश्न एवढाच, की मांडणी बदलताना जुन्या पत्त्यावर येणाऱ्या माणसाची सोय कोणी पाहिली?

त्यात भर पडली ती भाषेची आणि सनांची. निजामी राजवटीचा कारभार आरंभी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागापासून उर्दूत चाले. गावपातळीवर मोडीही असे. कागदावर फसली सन असे. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८. ढोबळमानाने ५९० मिळविले, की आपला सन निघतो. हे ठाऊक असलेले, उर्दू वाचणारे आणि मराठी लिहिणारे कारकून १९५६ साली प्रत्येक तहसिलीत होते. त्यांना दोन्ही बाजू येत होत्या. जुन्या नोंदवहीच्या पानापुढे नव्या नोंदवहीचे पान लिहून ठेवणे हे त्यांना सहज जमले असते. कोठे ते झाले, कोठे झाले नाही. पुढे ही मंडळी सेवानिवृत्त झाली, आणि त्यांच्याबरोबर ती किल्लीही गेली. बस्ते राहिले; बस्त्यात काय आहे हे सांगणारा राहिला नाही.

याची किंमत काय पडते हे २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींत कुणबी असा उल्लेख कोठे कोठे सापडतो, हे शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मोडी, उर्दू आणि फारसी कागद वाचणारे जाणकार शोधावे लागले. महसुली दप्तरे, शाळांची दप्तरे उघडावी लागली. हैदराबादेतील दप्तरखान्यापर्यंत जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटिअरच्या अनुषंगाने निर्णय काढला. या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरावयाचे नाही. त्या बाबतीत आपणांपैकी प्रत्येकाचे मत माझ्या मतापेक्षा अधिक ठाम असेल. मला दिसते ते असे, की एका खेड्यातील मुलाचे शिक्षण, त्याची नोकरी, या गोष्टी पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर येऊन ठेपल्या आणि तो शब्द ज्या पानावर होता त्या पानापर्यंतची वाट मोडलेली होती. पान बहुधा जागेवर होते. वाट नव्हती.

याच्या उलट जेथे वाट राखली गेली असेही एक उदाहरण आपल्या घरोघर आहे. आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण सुरळीत चाललेली गोष्ट कधीच दिसत नाही. शेतांना पूर्वी सर्व्हे नंबर होते. पुढे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत योजना पार पडली तेथे शेजारचे तुकडे जुळवून नवे गट पाडण्यात आले, आणि सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आला. संकेतस्थळाची नवी मांडणी म्हणतात ती हीच! सारी पाने तीच, सारे पत्ते नवे. परंतु येथे कायद्याने एक काम करून घेतले. योजना तयार करतानाच, कोणत्या जुन्या नंबरातील किती क्षेत्र कोणत्या खातेदाराचे होते आणि ते कोणत्या नव्या गटात गेले, याचे पत्रक करावे लागले. मोजणीदार गावात बसलेला आहे, जुना नकाशा त्याच्या उजव्या हाताला, नवा डाव्या हाताला, आणि समोर दोन्ही नंबर ठाऊक असलेला खातेदार उभा आहे, अशा वेळी ते पत्रक झाले. म्हणून आज एखाद्याकडे सर्व्हे नंबराचे जुने खरेदीखत असले, तरी भूमी अभिलेख कार्यालयात त्याचा नवा गट काढून मिळतो. पत्रके सर्वत्र बिनचूक आहेत असे नाही. जेथे आकडा चुकला तेथे भाऊबंदकीचे दावे पिढ्यान् पिढ्या चालले, हे वकिलांना विचारावे; त्यांची घरे त्यावर उभी आहेत. पण चुकलेले पत्रक दुरुस्त तरी करता येते. न केलेल्या पत्रकाची दुरुस्ती कशी करणार?

या दोन उदाहरणांतून मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. जुने आणि नवे अशा दोन्ही मांडण्या ज्याला ठाऊक आहेत असा मनुष्य फार थोडा काळ उपलब्ध असतो. बदल चालू असतो तेवढेच दिवस. त्याआधी नवे ठरलेले नसते, त्यानंतर जुने विसरलेले असते. जोडपत्रक करावयाचे ते त्या थोड्या दिवसांतच. तेव्हा ते आठवड्याचे काम असते, आणि नंतर तेच न्यायमूर्तींच्या समितीचे काम होते.

किल्लारीच्या भूकंपाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झाले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावांना जुनीच नावे दिली गेली, ही फार शहाणपणाची गोष्ट झाली. पत्र पोहोचत राहिले, सोयरे पोहोचत राहिले. पण गावाच्या आत मात्र जुन्या गल्ल्या राहिल्या नाहीत. घरे दिली ती जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची, आणि रस्ते सरळ रेषेत आखलेले. आखणी नेटकी, हवा-उजेड भरपूर. परंतु अमक्याच्या वाड्यामागे, तमक्याच्या पारासमोर, हा जो जुना पत्ता होता तो एका रात्रीत गेला, आणि पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी वेगवेगळ्या ओळींत जाऊन पडले. त्या धामधुमीत याचा विचार कोणी करावयास हवा होता असे म्हणण्याची माझी छाती नाही. मी फक्त काय हरवले ते नोंदवितो.

आता पत्ता मुळातच कसा असावा, याविषयी टपालखात्याकडून शिकण्यासारखे आहे. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. लातूरचा पिन ४१३५१२, उदगीरचा ४१३५१७, धाराशिवचा ४१३५०१. हे आकडे ठरले तेव्हा लातूर जिल्हा अस्तित्वात नव्हता. दहा वर्षांनी तो झाला. जिल्हाधिकारी आले, पाट्या बदलल्या, पण पिन तोच राहिला. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, तरीही तो तोच राहिला. असे का? तर त्या आकड्यांत जिल्ह्याचे नाव गोवलेलेच नव्हते. टपाल कोणत्या वाटेने जावयाचे एवढेच त्यात होते. रेल्वेचेही एक उदाहरण घ्या. नांदेड स्थानकाचे नाव हुजूर साहिब नांदेड झाले. तिकिटावरची तीन इंग्रजी अक्षरे, एन-ई-डी, जुनीच आहेत. जे बदलणार हे उघड आहे ते पत्त्यात घालू नये, एवढी साधी ही युक्ती आहे.

जीनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्यांनी या साऱ्या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली नेमके हेच एका छोट्या लेखात सांगितले. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात; म्हणून पत्त्यात लेखकाचे नाव, खात्याचे नाव, ज्या यंत्रप्रणालीवर पान तयार केले तिची खूण, असे काही घालू नका, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्यांनी वेलणकरांचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही. पण दोघांना एकच गोष्ट सुचली होती.

तथापि पत्ते बदलतात. तो उपदेश पाळणारे थोडे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी अडतीस टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याआधी हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले, तेव्हा निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर राहिला नव्हता असे आढळले. न्यायालयाच्या निकालाचा आधारच सापडत नाही, याचा अर्थ काय होतो तो पाहा. आपल्या मराठीला तर आणखी एक घाव बसला. आरंभीच्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या खास टंकात असत. युनिकोडकडे वळताना ती नवी झाली आणि जुनी पाने कोठे मागे राहिली, कोठे उघडली तरी वाचता येईनाशी झाली. निजामाच्या दप्तराचे उर्दू निदान शिकता तरी येते. सोडून दिलेल्या टंकातील मराठी वाचणारा शिक्षक कोठून आणावा?

आणि आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे सारे टाळण्याची सोय या यंत्रणेत पहिल्यापासून आहे. टपालखात्याला आपण नवा पत्ता कळविला, की जुन्या पत्त्यावर आलेले पत्र ते नव्या पत्त्यावर लावून देते. तसेच येथे आहे. जो संगणक पाने पुरवितो, त्याने मागणाऱ्याला द्यावयाच्या उत्तरांना आकडे ठरलेले आहेत. ४०४ म्हणजे पान सापडत नाही. हा आकडा आता शाळकरी पोरांनाही माहीत झाला आहे. पण ३०१ म्हणजे पान कायमचे अमुक ठिकाणी हलविले आहे. हे उत्तर मिळताच वाचकाचा संगणक त्याला काही न विचारता नव्या जागी नेऊन पोहोचवितो. वाचकाला बदल झाल्याचे कळतही नाही. ३०२ म्हणजे मुक्काम तात्पुरता हलविला आहे. ४१० म्हणजे पान होते, ते आम्ही जाणूनबुजून काढले. या शेवटच्या उत्तराचे मला विशेष वाटते. "होते, आता नाही" असे स्पष्ट सांगणे हीसुद्धा एक प्रामाणिक नोंद आहे. त्या मुलीला एवढे जरी कळले असते, तरी तिने मला तो प्रश्न विचारला नसता.

म्हणजे करावयाचे काय, तर एकत्रीकरणाचे पत्रकच. जुने संकेतस्थळ मोडण्याआधी त्यावरील सर्व पत्त्यांची यादी काढावयाची; नुसत्या पानांची नव्हे, तर जोडलेल्या कागदपत्रांची, नकाशांची, शासननिर्णयांचीही, कारण तळटीपांत जातात ती हीच. मग प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे नवा पत्ता लिहावयाचा. हे काम तरुण मंडळी करतात तेव्हा एक पळवाट काढतात: सगळे जुने पत्ते नव्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानाला जोडून मोकळे होतात. हे म्हणजे उदगीरचा फेरफार मागणाऱ्या शेतकऱ्याला लातूरच्या कचेरीच्या फाटकापाशी आणून सोडण्यासारखे आहे. त्याला कचेरी नको होती, कागद हवा होता. दुसरी चूक साखळीची. संकेतस्थळ तिसऱ्यांदा बदलले, की पहिला पत्ता दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे पाठवितो. आणि मधला एक गळाला, की सारेच तुटते. बीदरने उस्मानाबादला सांगावे, उस्मानाबादने लातूरला सांगावे, आणि उस्मानाबादचा कारकून त्या दिवशी रजेवर असावा! प्रत्येक नव्या मांडणीच्या वेळी पहिल्या पत्त्याला थेट अखेरचा पत्ता लावून द्यावा, हे उत्तम.

काम संपल्यावरही एक टिपण पाहत राहावे लागते. कोणता पत्ता मागितला गेला आणि काय उत्तर दिले, याची रोजनिशी तो संगणक स्वतः ठेवीत असतो. नवे संकेतस्थळ सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे त्या रोजनिशीतले ४०४ रोज चाळले, तर कोणते जुने पान विसरले ते वाचकच सांगतात. आणखी एक खबरदारी म्हणजे संकेतस्थळाचे जुने नाव सोडून देऊ नये. या नावांचे ठरावीक मुदतीने शुल्क भरावे लागते. ते चुकले, की कोणीही ते नाव घेऊ शकतो, आणि मग एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. जुन्या वाड्याचे कुलूप काढून किल्ली रस्त्यावर टाकण्यासारखेच हे.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. तुटके दुवे तपासत राहावेत, जुन्या मजकुराची व्यवस्था लावावी, असे त्यांत आहे. पण तत्त्वे कागदावर आणि कंत्राट कंत्राटदारापाशी. संकेतस्थळ करून देणाऱ्याला पैसे मिळतात ते नवे पान दिसण्याचे. जुने पान सापडण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही, आणि मग त्याने ते का करावे? माझे तर असे मत आहे, की नव्या संकेतस्थळाच्या निविदेत जुन्या-नव्या पत्त्यांचे पत्रक ही एक स्वतंत्र बाब असावी आणि ते पडताळून पाहिल्याविना शेवटचे बिल निघू नये. यात खर्च जवळजवळ नाही. वेळ मात्र आहे, आणि तो बदलाच्या आधी द्यावा लागतो.

हे केवळ सरकारला सांगणेही बरोबर नाही. आपली महाविद्यालये, वाचनालये, व्याख्यानमाला, यांचीही आता संकेतस्थळे आहेत. आणि आपण लिहिणारे? छापील ग्रंथाचा आधार देताना आपण ग्रंथाचे नाव, वर्ष, पृष्ठ देतो. लातूर शहराचा जुना वृत्तान्त पाहावयाचा तर १९७२ च्या उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअरमध्ये पाहावा, कारण तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. हे एकदा सांगितले, की वाचक कोणत्याही ग्रंथालयात जाऊन ते पाहू शकतो. संकेतस्थळाचा आधार देताना मात्र आपण नुसता पत्ता देतो आणि कागदाचे नाव, क्रमांक, दिनांक देत नाही. माझ्या त्या तळटीपेत मीही दिले नव्हते. कार्यालयाने दुवा तोडला हे खरे, पण तो तुटल्यावर दुसऱ्या वाटेने जाण्याची सोय मी ठेविली नव्हती.

त्या मुलीची गोष्ट मात्र अर्धी राहिली. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती काढून ठेवीत आली आहे, आणि २००१ पासून त्या प्रती कोणालाही पाहता येतात. मला हे ऐकून माहीत होते. पाहावे कसे, हे तिनेच मला दाखविले. माझ्या तळटीपेतला पत्ता तिने त्या ठिकाणी टाकला, वर्ष निवडले, आणि ते जुने पान, जुन्या करड्या रंगात, एका बाजूला कललेल्या अक्षरांत, पुन्हा आमच्यासमोर उभे राहिले. यादी होती. गावांची नावे, विहिरींची खोली, बारवांच्या पायऱ्या, सारे जसे मी लिहिले होते तसे. तिने ती उतरवून घेतली. मग आम्ही नकाशाच्या दुव्यावर बोट ठेविले. पण प्रत काढणाऱ्याने पान घेतले होते, नकाशा घेतला नव्हता. त्या बारवांपैकी तीन कोणत्या शिवारात आहेत ते यादीवरून कळत नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती मुलगी त्या गावांतून फिरली. दोन सापडल्या, असे तिने कळविले आहे.